वेस्टरप्लाटे पडद्यावर, मरकेगाव विस्मृतीत

गदान्स्क आणि धानोरा या दोन गावांचा परस्परांशी संबंध काय, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. गदान्स्क हे पोलंडचे बाल्टिक समुद्रावरील बंदर. धानोरा हे गडचिरोलीहून मुरुमगावमार्गे छत्तीसगडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील तालुक्याचे ठिकाण. तिकडे जहाजे आणि गोदी, इकडे साग, बांबू आणि मोह. परंतु मूठभर माणसांनी राखलेल्या एकाकी ठाण्यांचा इतिहास दोन्हीकडे आहे. फरक इतकाच की, पोलंडने आपल्या ठाण्याची कहाणी दोनदा चित्रपटगृहात पाहिली, तिच्यावरून भांडणे केली आणि ती जतन केली. महाराष्ट्राने आपल्या ठाण्यांची कहाणी वृत्तपत्राच्या अर्ध्या स्तंभात वाचली आणि दुसऱ्या दिवशी ते वृत्तपत्र रद्दीत टाकले.

१ सप्टेंबर १९३९ च्या पहाटे 'श्लेस्विग-होल्स्टाइन' या जर्मन युद्धनौकेने गदान्स्क बंदराच्या तोंडाशी असलेल्या वेस्टरप्लाटे या पोलिश लष्करी ठाण्यावर तोफा डागल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीच्या तोफांमध्ये त्यांची गणना होते. ठाण्यात दोनशेच्या आसपास सैनिक होते. मेजर हेन्रिक सुखार्स्की हे त्यांचे प्रमुख आणि कॅप्टन फ्रांचिशेक दोम्ब्रोव्स्की हे उपप्रमुख. बारा तास तग धरा, असा आदेश होता. समुद्रातून तोफा, जमिनीवरून चढाई आणि आकाशातून बॉम्ब अशा तिहेरी माऱ्यात ते ठाणे सात दिवस उभे राहिले. ७ सप्टेंबरला सुखार्स्कींनी शरणागती पत्करली, तेव्हा जर्मन सेनापतीने त्यांची तलवार त्यांच्यापाशीच राहू दिली. शत्रूने दिलेली ती मानवंदना होती.

या लढाईवर स्तानिस्वाव रुझेविच या दिग्दर्शकाने १९६७ मध्ये 'वेस्टरप्लाटे' हा कृष्णधवल चित्रपट काढला. ते वर्ष ध्यानात घ्यावे. पोलंडमध्ये तेव्हा साम्यवादी राजवट होती, प्रत्येक पटकथेवर सरकारी नजर होती आणि १९३९ चे पोलिश सैन्य हे साम्यवाद्यांच्या दृष्टीने 'जुन्या व्यवस्थेचे' सैन्य होते. रुझेविचच्या थोरल्या भावाला, यानुशला, जर्मनांनी १९४४ मध्ये ठार केले होते. सूडाचा आणि आक्रोशाचा चित्रपट काढण्याचा अधिकार कोणाला असेल, तर तो या माणसाला होता. त्याने तसे केले नाही. त्याच्या चित्रपटात भाषणे नाहीत, ध्वज फडकावीत धावणारा नायक नाही. तेथे झोप न मिळालेले डोळे आहेत, जखमींसाठी संपत आलेली औषधे आहेत आणि 'आणखी किती काळ?' हा प्रश्न आहे. याच चित्रपटाला त्या वर्षी मॉस्कोच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात रौप्य पारितोषिक मिळाले. वेस्टरप्लाटे पडल्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी, १७ सप्टेंबर १९३९ रोजी, ज्या सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण केले, त्याच रशियाच्या राजधानीत पोलिश सैनिकाच्या धैर्याची दखल घ्यावी लागली. अस्सल कलेचे सामर्थ्य याहून वेगळे काय असते?

दुसरा चित्रपट पावेल होखलेव या दिग्दर्शकाचा, 'वेस्टरप्लाटेचे रहस्य', २०१३ चा. त्याने अवघड जागी हात घातला. २ सप्टेंबरच्या भीषण बॉम्बवर्षावानंतर सुखार्स्कींचा धीर सुटला होता, त्यांना त्याच दिवशी शरण जायचे होते आणि दोम्ब्रोव्स्कींनी लढाई पुढे रेटली, हे अनेक इतिहासकारांचे मत त्याने पडद्यावर आणले. २००८ मध्ये पटकथेचा तपशील बाहेर पडताच पोलंडमध्ये वादळ उठले. हा राष्ट्राच्या दैवताचा अपमान आहे, असे एका पक्षाने म्हटले. राष्ट्राला सत्य पेलता आले पाहिजे, असे दुसऱ्याने सुनावले. सरकारी पैसा द्यावा की न द्यावा, यावर खल झाला. चित्रपट रखडला, पण अखेरीस झाला. त्याच्या कलात्मक गुणांविषयी मतभेद असू शकतात. परंतु एका ठाण्यातील सात दिवसांवर सत्तर वर्षांनंतरही एक राष्ट्र इतक्या पोटतिडकीने भांडते, ही गोष्ट त्या राष्ट्राच्या जिवंतपणाची खूण आहे. शिवाय ते केवळ जुन्या युद्धातच रमलेले नाहीत. इराकमधील करबला शहराच्या नगरभवनाचे पोलिश आणि बल्गेरियन सैनिकांनी एप्रिल २००४ मध्ये जे रक्षण केले, त्यावरही २०१५ मध्ये तेथे चित्रपट निघाला.

एकाच वर्षातील तीन तारखा

आता धानोऱ्याकडे वळू. १ फेब्रुवारी २००९. धानोरा तालुक्यातील मरकेगावच्या जंगलात नक्षलवाद्यांनी घात लावून १५ पोलिसांची हत्या केली. २१ मे २००९. याच तालुक्यातील हत्तीगोटा येथे १६ पोलीस मारले गेले. त्यांत पाच महिला पोलीस होत्या. ८ ऑक्टोबर २००९. भामरागड तालुक्यातील लाहेरीजवळ १७ पोलीस धारातीर्थी पडले. तेव्हा विधानसभेच्या मतदानाला पाच दिवस उरले होते. केवळ तीन घटनांत ४८ जण गेले. त्यानंतरही हे सत्र थांबले नाही. १ मे २०१९ रोजी अवघा महाराष्ट्र राज्याचा स्थापना दिन साजरा करीत असताना कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांचा वाहनचालक ठार झाला. चार दशकांत या एका जिल्ह्याने दोनशेहून अधिक पोलीस आणि पाचशेहून अधिक नागरिक गमावले. त्या नागरिकांत बहुसंख्य कोण? ज्यांच्या नावाने ही 'क्रांती' चालली होती, तेच गोंड आणि माडिया वनवासी. 'खबऱ्या' असा शिक्का मारायचा, रात्री घरातून उचलून न्यायचे आणि सकाळी प्रेतावर पत्रक ठेवायचे, ही त्या क्रांतीची न्यायपद्धती.

मरकेगाव घडले ते मुंबईवरील २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर सदुसष्ट दिवसांनी. मुंबईत तेव्हा मेणबत्त्या पेटल्या होत्या, वाहिन्यांवर अहोरात्र चर्चा झडत होत्या. ते योग्यच होते. मुंबईच्या हुतात्म्यांवर पुढे चित्रपट निघाले, मालिका निघाल्या. तेही योग्यच. प्रश्न एवढाच आहे की, महाराष्ट्र पोलिसांचाच गणवेश अंगावर असताना पडलेल्या मरकेगावच्या पंधरा जणांसाठी दादरला किंवा पुण्यात किती मेणबत्त्या पेटल्या? आज एखाद्या चोखंदळ मराठी प्रेक्षकाला विचारून पाहावे की, गडचिरोलीच्या पोलिसांवरचा मनात घर करून राहिलेला एक तरी मराठी चित्रपट सांगा. तो विचारात पडेल. पोलंडमधील शाळकरी मुलाला वेस्टरप्लाटे ठाऊक असते. आपल्या प्राध्यापकांनाही हत्तीगोटा कोणत्या तालुक्यात आहे, हे सांगता येईल की नाही, याची शंका वाटते.

असे नाही की, या ठाण्यांत नाट्य नाही. दुर्गम भागातील पोलीस मदत केंद्र म्हणजे काय असते, याची शहरी वाचकाला कल्पना नसते. काटेरी तारांचे कुंपण, वाळूच्या पोत्यांचे मोर्चे, चोवीस तास जागणारा संत्री. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा जगाशी संबंध तुटतो आणि मग ठाण्यात आधी भरून ठेवलेल्या शिध्यावर दिवस काढावे लागतात. रस्त्याने जायचे तर मोरीखाली भूसुरुंग असण्याची भीती, म्हणून रानातून मैलोन् मैल पायपीट. एखादा घायाळ झाला तर हेलिकॉप्टर येईतो त्याचा जीव टिकला पाहिजे. याच केंद्रात गावकऱ्यांना जातीचे दाखले, आधार आणि शासकीय योजनांसाठी मदतही केली जाते. सर्वांत मोठे नाट्य याच्या पुढचे आहे. १९९० मध्ये के. पी. रघुवंशी यांनी उभारलेल्या 'सी-६०' पथकात स्थानिक तरुण आहेत, गोंडी आणि माडिया बोलणारे. ज्या भाषेत दलमचा माणूस 'हत्यार टाक' म्हणून ओरडतो, त्याच भाषेत पोलीस त्याला उत्तर देतो. एकाच मुलखातील, एकाच बोलीची दोन मुले समोरासमोर बंदुका रोखून उभी राहतात. ग्रीक शोकांतिकांवर व्याख्याने झोडणाऱ्या आपल्या नाट्यसमीक्षकांना याहून मोठा विषय हवा आहे काय?

बंदुकीचा प्रणय

हा विषय अंधारात राहिला, तो अपघाताने नव्हे. मराठी सांस्कृतिक क्षेत्रावर दीर्घकाळ प्रभाव असलेल्या एका वर्गाने नक्षलवादाकडे नेहमी प्रणयाच्या चष्म्यातून पाहिले. जंगलात बंदूक घेऊन फिरणारा त्यांच्या लेखी 'प्रस्थापिताविरुद्ध उभा राहिलेला' असतो आणि वर्दीतला कोतवाल, पाटील किंवा शेतमजुराचा मुलगा मात्र 'व्यवस्थेचा हस्तक' ठरतो. पहिल्याच्या मनाचा शोध घेण्यासाठी चर्चासत्रे होतात. दुसऱ्याला मनच नाही, असे गृहीत धरलेले असते.

या मंडळींचा युक्तिवाद आम्हांला ठाऊक आहे. वनवासींचे शोषण झाले, ठेकेदारांनी बांबू आणि तेंदूपानांवर गब्बर होताना मजुरी बुडविली, वनखात्याने स्वतःच्या जंगलात त्यांना चोर ठरविले. हे सारे खरे आहे आणि ते नाकारणारा माणूस गडचिरोलीत कधी आलेला नसावा. परंतु या शोषणाला बंदूक हेच उत्तर होते काय? याचे प्रत्युत्तर धानोरा तालुक्यानेच दिले आहे. धानोऱ्याला लागून मेंढा (लेखा) हे छोटे गोंड गाव आहे. देवाजी तोफा आणि त्यांच्या ग्रामसभेने वर्षानुवर्षे अभ्यासगट चालविले, प्रत्येक निर्णय सर्वसहमतीने घेतला, कायद्याचा कागद हाती धरला आणि २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळविला. असा हक्क मिळविणारे ते देशातील पहिल्या गावांपैकी एक. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. सन पाहावे, २००९. तालुकाही तोच. एकीकडे मरकेगाव आणि हत्तीगोटा, दुसरीकडे मेंढा. एका वाटेने एकतीस चिता पेटविल्या, दुसरीने गावाला जंगल मिळवून दिले. क्रांतीचे गोडवे गाणाऱ्यांनी या दोन वाटांचा हिशेब कधी मांडला आहे काय?

आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. कलेची ताकद नक्षलवाद्यांना आपल्यापेक्षा अधिक कळली होती. त्यांची 'चेतना नाट्य मंच' नावाची सांस्कृतिक आघाडी होती. ती गोंडीत गाणी रचीत असे, नृत्ये बसवीत असे आणि गावोगावी जाऊन तरुण पोरापोरींना भारून टाकीत असे. दरवर्षी जुलैच्या अखेरीस ते आपल्या मेलेल्यांचा सप्ताह पाळीत आणि गावांच्या वेशीवर लाल स्मारके उभारीत. आपल्या मेलेल्यांची आठवण कशी जागती ठेवावी, हे त्यांना ठाऊक होते. आपल्या बाजूने काय झाले? पोलीस मुख्यालयात मानवंदना, कुटुंबाला धनादेश, वर्तमानपत्रात छायाचित्र. धनादेशाने घर चालते, स्मृती चालत नाही.

घोषणांचाही उपयोग नाही

इतके लिहिल्यावर आमच्याच बाजूच्या मित्रांशी दोन स्पष्ट शब्द बोलणे भाग आहे. गडचिरोलीवर चित्रपट हवा, असे म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे एक साचा उभा राहतो. छाती काढून चालणारा अधिकारी, एका गोळीत दहा शत्रू, मागे ढोलताशे आणि शेवटी एखाद्या मंत्र्याचे भाषण. असा चित्रपट दोन आठवडे चालतो आणि तिसऱ्या आठवड्यात विसरला जातो. सारागढीच्या २१ शीख सैनिकांनी १८९७ मध्ये दिलेली झुंज 'केसरी'मुळे २०१९ मध्ये घराघरांत पोहोचली, ही आनंदाची गोष्ट. पावनखिंडीवरील मराठी चित्रपटाला २०२२ मध्ये प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले, हेही समाधानाचे. परंतु साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या पराक्रमावर टाळ्या वाजविणे सोपे असते. त्या खिंडीतून परत न आलेल्यांच्या विधवा आपल्या शेजारी राहत नाहीत. मरकेगावच्या राहतात.

ज्याला भीतीच वाटत नाही, त्याच्या शौर्याला किंमत काय? भीतीने हात थरथरत असतानाही मोर्चा न सोडणारा तो शूर. वेस्टरप्लाटेचे दोन्ही चित्रपट हेच सांगतात. गडचिरोलीवरील चित्रपटानेही ते सांगितले पाहिजे. फेब्रुवारीत घात झाल्यावर मे महिन्यात त्याच तालुक्यात पुन्हा घात कसा झाला, हा प्रश्न त्यात आला पाहिजे. साधने पुरेशी होती काय, वरून आलेले आदेश शहाणपणाचे होते काय, हेही विचारले पाहिजे. एप्रिल २०१८ मधील कसनासूरच्या मोठ्या चकमकीविषयी जे आक्षेप घेतले गेले, तेही त्यात आले पाहिजेत आणि पोलिसांची बाजूही आली पाहिजे. सत्याला घाबरण्याचे कारण ज्यांचे हात स्वच्छ नाहीत त्यांना असते. हत्तीगोट्याला पडलेल्या त्या पाच महिला पोलिसांनी आपल्यासाठी खोटे बोलावे, अशी मागणी कधी केलेली नाही. त्यांची मागणी असलीच, तर ती इतकीच असेल की, आमचे नाव घ्या आणि आमच्याविषयी खरे सांगा.

पोलंडकडून धडा घेण्यात आपल्याला परकेपणा वाटण्याचेही कारण नाही. सोव्हिएत रशियाने ज्या पोलिश कुटुंबांना १९४० नंतर सैबेरियात हद्दपार केले, त्यांतील सुमारे पाच हजार जणांना कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत आसरा मिळाला होता. १९४३ ते १९४८ ही पाच वर्षे ती माणसे मराठी मातीत राहिली. वॉर्सात त्याचे स्मारक आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी त्याला अभिवादन केले. वळिवड्याची आठवण ज्यांनी सुमारे सहा हजार किलोमीटरवर जपली, त्यांच्याकडून गडचिरोलीची आठवण कशी जपावी, हे आपण शिकायला काय हरकत आहे?

स्मृतीची लढाई

हा विषय आजच मांडण्यामागे कारण आहे. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी नक्षलवाद्यांचा ज्येष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी त्याची पत्नी तारक्का हिने आत्मसमर्पण केले होते. शस्त्र टाकणाऱ्याला समाजाने सामावून घेतले पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु बंदुकांची लढाई मंदावते तेव्हा स्मृतीची लढाई सुरू होते. उद्या आत्मसमर्पित नेत्यांच्या मुलाखती होतील, आत्मचरित्रे निघतील, प्रकाशक दाराशी रांगा लावतील आणि त्यांवर चित्रपटही निघतील. ही माणसे शिकलेली, बोलकी आहेत, त्यांना आपली बाजू मांडता येते. ग्यारापत्तीच्या मोर्चावर रात्र जागून काढलेल्या शिपायाचे आत्मचरित्र कोण लिहिणार? त्याची आई केवळ गोंडी बोलते. तिची मुलाखत घ्यायला कोण जाणार?

म्हणून मागणी नेमकी हवी. मराठी चित्रपटांना अनुदान देणाऱ्या महाराष्ट्र शासनाने गडचिरोलीवरील गंभीर कलाकृतीसाठी हात सैल सोडावा आणि पटकथेत मात्र हात घालू नये. पोलीस दलाने २००९ च्या घटनांची कागदपत्रे, सुरक्षेला बाध येणार नाही इतपत, लेखकांना पाहू द्यावीत. बचावलेल्या जवानांच्या आणि हुतात्म्यांच्या कुटुंबीयांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित कराव्यात. जे त्या वेळी पंचविशीत होते, ते आज चाळिशी ओलांडून गेले आहेत. त्यांच्या आईबापांकडे तर फार वर्षे उरलेली नाहीत. चित्रपट निघेल तेव्हा त्यातील माणसे पुस्तकी मराठी न बोलता गोंडी, माडिया आणि झाडीबोली बोलोत.

मुंबईची वाटही पाहण्याचे कारण नाही. दिवाळी ते होळी या काळात वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याच्या गावोगावी रात्रभर नाटके करतात. या झाडीपट्टी रंगभूमीसमोर थंडीत घोंगड्या पांघरून हजारो माणसे पहाटेपर्यंत बसतात. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना याच रंगभूमीच्या सेवेबद्दल २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. मरकेगाव या विषयावर पहिले नाटक याच मंडपात व्हावे. समोर जो प्रेक्षक बसेल, त्याला खोटे खपविता येणार नाही, कारण त्यातल्या कोणाचा भाऊ वर्दीत होता आणि कोणाचा दलममध्ये.

वेस्टरप्लाटेच्या सैनिकांना बारा तासांचा आदेश होता, ते सात दिवस लढले आणि त्यांचे राष्ट्र त्यांची आठवण आठ दशकांहून अधिक काळ जपत आले. धानोरा तालुक्यात एका वर्षात एकतीस पोलीस पडले. त्यांनी आपले कर्तव्य पुरे केले. आपले अजून सुरूही झालेले नाही.